800 डॉलरचा एक तास : ब्विंडीतल्या गोरिला परमिटचा रिव्ह्यू

आधी हिशोब. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात डोंगरी गोरिला बघायचे तर परदेशी माणसाला परमिट 800 डॉलर. जुलै 2024 च्या आधी 700 होतं. त्यात गोरिलांसोबत मिळतो एक तास, आणि एक म्हणजे एकच, गाइड घड्याळ बघून सुरू करतो आणि घड्याळ बघूनच उठवतो. विमान, व्हिसा, गाडी, मुक्काम सगळं वेगळं. शेजारच्या रवांडात हेच परमिट 1500 डॉलर आहे, 2017 मध्ये त्यांनी 750 चं एका फटक्यात दुप्पट केलं, त्यामुळे ब्विंडी स्वस्त पडतं असं सगळे एजंट सांगतात आणि आपणही मान डोलावतो. 800 डॉलर, स्वस्त!

सोबत मेहुणा होता. हा माणूस हॉटेलचं बिलसुद्धा दोनदा बेरीज करून बघतो. एंटेबी विमानतळाहून निघाल्यावर रस्ता आठ-नऊ तासांचा, आणि त्यात त्याने एकच विषय लावून धरला, "दाजी, एका माकडासाठी एवढा तामझाम कशाला? वाचवायचं तर अख्खं जंगल वाचवा की, त्यात माकडं पण वाचतीलच." मी म्हटलं अरे माकड नाही, कपी, म्हणजे एप, ह्यांना शेपूट नसते. तर म्हणे विषय बदलू नका. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही हे कबूल करतो, कारण प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

आता तक्रार, म्हणजे मोकळा होतो. ब्विंडीत ट्रेकसाठी चार सेक्टर आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो, आणि तुमचं परमिट एका सेक्टरमधल्या एका ठरावीक गोरिला कुटुंबाचं असतं. नकाशावर हे सगळं बोटभर अंतरावर दिसतं पण मधे डोंगर आहेत, रस्ता वळसे घेत घेत जातो. आमच्या एजंटने (नाव नाही घेत) परमिट काढलं रुशागाचं आणि लॉज बुक केला बुहोमाला. हे आम्हाला कळलं आदल्या रात्री जेवताना, तेही ड्रायव्हरने सहज विचारलं म्हणून. मग काय, पहाटे साडेतीनला उठून अंधारात, धुक्यात, त्या घाटातून हाडं खिळखिळी करत पोचलो, मेहुणा पूर्ण वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, स्तोत्र होतं की शिव्या ते विचारलं नाही. तुम्ही जाणार असाल तर परमिटवर सेक्टरचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि लॉज तिथलाच घ्या, एवढं एक केलंत तरी हा रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक.

ब्रीफिंग मात्र एकदम चोख. एका कुटुंबाला दिवसातून फक्त आठ पाहुणे. पंधरा वर्षांच्या आतलं पोर चालत नाही. सर्दी, खोकला, ताप काहीही असेल तर आत्ताच सांगा, गोरिलांपर्यंत सोडणार नाही. मास्क लावायचाच. दहा मीटर अंतर. फ्लॅश बंद. त्यांच्यासमोर खायचं-प्यायचं नाही, जंगलात थुंकायचं नाही, आणि अगदीच पोटाने दगा दिला तर गाइडला सांगायचं, तो खड्डा खणून देतो, उरकून झालं की पुरून टाकायचं. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, की बघा, ह्यासाठी पैसे भरलेत.

पण ह्यामागे कारण आहे आणि ते मला फार आवडलं. गोरिला आपल्या इतके जवळचे की आपले आजार त्यांना सरळ लागतात. 1996 मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली, केस गळून कातडी पांढुरकी पडली, एक पिल्लू गेलंच, बाकीचे औषधाने वाचले. ती खरूज माणसांकडून आलेली असावी असं दिसलं. तेव्हा त्यांच्यावर उपचार केले ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ह्यांनी, युगांडाच्या वन्यजीव खात्यातल्या पहिल्या पशुवैद्य. त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या गावातल्या लोकांची तब्येत सुधारल्याशिवाय गोरिलांची सुधारणार नाही, आणि पुढे 2003 मध्ये त्यांनी त्यासाठीच संस्था काढली, माणसांचं आरोग्य आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र बघणारी. म्हणजे गोरिला नीट राहावा म्हणून गावातल्या लोकांच्या खोकल्याची चौकशी. मेहुण्याला हे सांगितलं तर तो गप्प बसला आणि मास्क नाकावर नीट ओढला.

पोर्टर घ्या. मी फिट आहे वगैरे घरी. इथल्या उताराला पायवाट नावाचा प्रकार नाही, गाइड पुढे कोयत्याने वेली छाटत जातो आणि आपण त्याने छाटलेल्या वेलींवर घसरत जायचं, खाली जमीन आहे की नुसता पाल्याचा थर हे पाय आत गेल्यावरच कळतं. जंगलाच्या इंग्रजी नावातच अभेद्य असा शब्द आहे, तो जाहिरातीसाठी नाहीये. आमची पोर्टर खालच्या गावातलीच एक बाई होती, गमबूट घालून, माझी बॅग पाठीला, आणि एका हाताने मला असं ओढून वर घेत होती जसं कोणी पोत्याला घेतं. बागकामाचे जाड हातमोजे न्या, तिथल्या खाजकुयलीसारख्या काटेरी पानांना उघड्या हाताने धरलं की पुढचा अर्धा तास दुसरं काही सुचत नाही. पँट मोज्यात खोचा, मुंग्या. एवढंच सांगतो.

ट्रॅकर लोक आपल्या कितीतरी आधी, उजाडताच निघालेले असतात. ते काल जिथे कुटुंब सोडलं तिथून सुरुवात करतात आणि रात्रीची घरटी शोधतात, कारण गोरिला रोज संध्याकाळी नवीन बिछाना करतो, फांद्या-पानं खाली दाबून, गोल. वाटेत आम्हाला अशी एक जागा लागली. सात-आठ घरटी, काही जमिनीवर, प्रत्येकात लीद. मी पुढे निघालो होतो पण गाइड थांबला आणि ज्या प्रेमाने त्या लीदेकडे बघत बोलायला लागला ते बघण्यासारखं होतं. म्हणे गणना ह्याच्यावर होते. गोरिला मोजायचे म्हणजे प्रत्यक्ष गोरिला बघून नाही, लोक अख्खं जंगल पायी पिंजून काढतात, घरटी मोजतात, लीदेचे नमुने घेतात आणि लॅबमध्ये त्यातल्या डीएनएवरून कळतं की हा तोच की दुसरा. 2018 च्या गणनेत ब्विंडी आणि त्याला लागून काँगोतलं साराम्ब्वे मिळून 459 निघाले. विरुंगाच्या ज्वालामुखींच्या पट्ट्यात, म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवर, 2015-16 च्या गणनेत 604. बेरीज 1063. त्या मोजणीप्रमाणे जगात डोंगरी गोरिला एवढेच. एकाही प्राणिसंग्रहालयात हा नाही, संग्रहालयात दिसतात ते सखल जंगलातले गोरिला, त्यामुळे इथून गेला तर परत कुठून आणून सोडायचा हा प्रश्नच येत नाही.

साधारण अडीच तास चालल्यावर ट्रॅकर भेटले, काठ्या-बॅगा तिथेच ठेवायला लावल्या, आणि मग आधी वास आला. उग्र, घामट, जुन्या व्यायामशाळेतल्या गादीसारखा. आणि आवाज कसला म्हणाल तर सरळ सांगतो, पादण्याचा. दिवसभर पाला खाणारा प्राणी, पोट केवढं, दुसरं काय होणार. आठ पाहुणे मास्कमध्ये हसू दाबत उभे. गाइड घशातून एक खोल 'हंम्म-हंम्म' करत होता, म्हणजे आम्ही आहोत, घाबरू नका, आणि पलीकडच्या झुडपातून तसाच आवाज परत आला.

सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर चंदेरी केस आलेला कुटुंबातला मोठा नर, पाठ करून बसला होता. पाठ म्हणजे एखाद्या कपाटाचं दार. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत खायला लागला, म्हणजे इतका अपमान माझा ऑफिसातही झालेला नाही. एका हाताने वेल ओढायची, दातात धरून साल सोलायची, आतलं खायचं, साल टाकायची, सगळं अगदी निवांत. एक पिल्लू, वर्षभराचं असेल नसेल, आईच्या पाठीवरून फांदीवर, फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, ती फांदी मोडून खाली पाल्यात. मग उठून छाती बडवली. आवाज आला नाही म्हणण्याइतका कमी. परत चढलं, परत तीच चूक. मेहुण्याच्या हातात कॅमेरा होता आणि पिल्लाच्या ह्या पूर्ण प्रकारात त्याने एक फोटो काढला नाही, नुसता बघत राहिला, नंतर म्हणे विसरलो.

अंतराचं एक सांगतो, दहा मीटर आपण पाळायचे असतात, गोरिलाने नियम वाचलेला नसतो. एक तरुण मादी सरळ आमच्या दिशेने आली, आम्ही मागे मागे, मागे जागा संपली, ती अशी हातभरावरून निघून गेली आणि जाताना तिची नजर माझ्यावरून फिरली. ह्याबद्दल लोक मोठं मोठं लिहितात. मला फक्त नाक आठवतं. नाकपुड्यांच्या वर ज्या सुरकुत्या असतात ना, त्या प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या, आणि ट्रॅकर लोक त्यावरूनच ओळखतात. गाइडने बसल्या जागी सगळ्यांची नावं सांगितली, कोण कोणाची मुलगी, कोण दुसऱ्या कुटुंबातून आलेली, कोणाचं पिल्लू मागे गेलं. तास कधी संपला कळलं नाही. "लास्ट फाइव्ह मिनिट्स" ऐकल्यावर जो राग आला तो खरा होता.

आता मेहुण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण परत येताना चिखलात बसून पाणी पिताना त्यानेच विषय काढला, ह्या वेळी जरा नरमाईने. एकाच जातीवर एवढं का?

1981 मध्ये विरुंगात मोजले तेव्हा अडीचशेच्या आसपास होते. डायन फॉसी नावाच्या बाईंनी 1967 मध्ये रवांडात कारिसोके नावाचं संशोधन केंद्र काढलं होतं, त्यांचा सगळ्यात लाडका गोरिला डिजिट, तो 1977 च्या शेवटच्या दिवशी चोरट्या शिकाऱ्यांनी मारला, आणि 1985 मध्ये खुद्द फॉसींचा खून झाला. त्या काळात ही जात विसाव्या शतकातच संपेल असं बोललं जायचं. तिथून 604 झाले. आणि हे जंगलाला कुंपण घालून झालं नाही. 2011 मध्ये एक अभ्यास आला होता, विरुंगातल्या कुटुंबांची अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन, त्यात असं दिसलं की ज्या कुटुंबांमागे रोज ट्रॅकर जातात, जखमी झाला तर डॉक्टर जातात, फासा अडकला तर बेशुद्ध करून काढतात, ती कुटुंबं वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि त्याच जंगलातली, फक्त नेहमीसारखी गस्त असलेली कुटुंबं घटली. जंगल तेच! राखीव तेच! म्हणजे 'अख्खं जंगल वाचवा, त्यात तेही वाचतील' हे ऐकायला बरोबर वाटतं पण इथे तसं झालेलं नाही, कारण मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होतं आणि एक फासा त्यातली एक मादी घेऊन जातो. हरणासाठी लावलेला फासा असतो तो, गोरिलासाठी नाही.

2018 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत डोंगरी गोरिला 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' मध्ये आला. मोठ्या कपींमधे असं उलट्या दिशेने जाणारं उदाहरण शोधून दाखवा. बाकीच्यांची अवस्था काय आहे, तर ह्याचाच सख्खा भाऊ, काँगोतला ग्राऊअरचा गोरिला, खाणी आणि बंदुकांच्या मधे सापडला आणि वीस वर्षांत निम्म्याहून जास्त कमी झाला. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तीनशेच्या आत. सुमात्रात तर तापानुली ओरांगउटान ही वेगळी जात आहे हे 2017 मध्ये कळलं, आणि कळलं तेव्हाच ती आठशेपेक्षा कमी होती आणि तिच्या जंगलात धरणाचं काम चालू होतं. ती वेगळी जात म्हणून नोंदली नसती तर काय झालं असतं? सुमात्रात ओरांगउटान आहेतच की हजारो, थोडे गेले तर काय, असंच म्हटलं असतं ना. म्हणून जात वेगळी मोजावी लागते. ओरांगउटानची मादी तर सात-आठ वर्षांनी एकदा विते, तिथे थोडे हा शब्दच चालत नाही.

आणि जंगलाचं म्हणाल तर उलट बाजूने बघा. ब्विंडी सव्वातीनशे चौरस किलोमीटरचं, चारही बाजूंनी शेती अगदी भिंतीसारखी येऊन भिडलेली, एका पावलावर चहाचा मळा आणि दुसऱ्या पावलावर जंगल. 1991 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1993 मध्ये बुहोमाला पहिलं कुटुंब पाहुण्यांना खुलं झालं. ह्या जंगलात हत्ती आहेत, चिंपांझी आहेत, साडेतीनशेच्या आसपास जातींचे पक्षी, इथून निघणाऱ्या ओढ्यांवर खालची गावं आणि शेती अवलंबून, पण त्या पक्ष्यांसाठी किंवा ओढ्यासाठी 800 डॉलर कोण देणार आहे सांगा, मी तरी दिले नसते. त्या एका सोललेल्या वेलीच्या सालीवर रेंजरचा पगार, ट्रॅकरचा पगार, रस्ता आणि माझ्या पोर्टरच्या पोरांची फी निघते. शिवाय गोरिला नुसता बसून पैसे कमावतो असंही नाही. गाबॉनमधे लोपेच्या जंगलात एक झाड आहे, कोला लिझे, त्याची मोठमोठी बियाणं गिळून लांबवर नेऊन टाकायचं काम मुख्यतः तिथला सखल जंगलातला गोरिलाच करतो, आणि टाकतो कुठे तर घरट्याच्या जागी, जिथे वर आभाळ मोकळं आणि ऊन मिळतं, म्हणजे रोप धरायला अगदी बरोबर जागा. तो गेला की त्या झाडाचं पुढे काय, हे झाडाला पन्नास-शंभर वर्षांनी कळेल.

मेहुणा म्हणाला, "ठीक आहे, पण मग सगळं एकाच खांबावर उभं आहे की." बरोबर पकडलं त्याने, ऑडिटवाला डोकं. 2020 मध्ये कोविडमुळे पाहुणे बंद झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात न्कुरिंगोचा सिल्व्हरबॅक राफिकी मारला गेला. मारणारा रानडुकरासाठी गेलेला होता. त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली, पण पाहुणे नाहीत, पैसे नाहीत आणि घरात खायला नाही अशा वेळी जंगलात कोण जाणार नाही? शिक्षा देऊन तो प्रश्न सुटला असं मला काही वाटत नाही.

स्टार का कापतोय ते आता. एक, 800 पैकी गावांसाठी म्हणून वेगळे काढले जातात परमिटमागे 10 डॉलर. उद्यानाच्या प्रवेश फीचा 20 टक्के वाटा गावांना जातो तो वेगळा, पण प्रवेश फी मुळात केवढी असते. ज्याच्या बटाट्याच्या शेतात हत्ती आणि गोरिला येऊन नासधूस करून जातात त्याला हे 10 डॉलर कसे वाटत असतील. दोन, आणि हे जास्त टोचलं, बट्वा लोक. पिढ्यानपिढ्या ह्याच जंगलात राहणारे, शिकार आणि मध गोळा करून जगणारे, त्यांना 1991 मध्ये उद्यान झाल्यावर बाहेर काढलं आणि धड जमीनही दिली नाही. आता लॉजवर संध्याकाळी त्यांचा नाच ठेवतात पाहुण्यांसाठी, आम्हालाही विचारलं. मी बसलो पंधरा मिनिटं आणि उठून आलो, नाच वाईट होता म्हणून नाही. गोरिलाच्या बाबतीत एकेकाचं नाक लक्षात ठेवणारी व्यवस्था ह्या लोकांच्या बाबतीत एवढी सैल कशी काय राहिली, हे कोणीतरी मला समजावून सांगा.

ट्रॅकर, गाइड, पोर्टर ह्यांना पाचपैकी पाच. परमिटला चार. एजंटला काय द्यायचं ते त्या घाटाला विचारा. टिप रोख न्या, छोट्या नोटा, आणि 2013 च्या आधीच्या डॉलरच्या नोटा नेऊ नका, तिथे घ्यायला कटकट करतात. पावसाचा कोट उन्हाळ्यातही लागतो. जास्त पैसे आणि दम असेल तर रुशागाला चार तासांचा एक प्रकार आहे, माणसांना अजून सरावत असलेल्या कुटुंबासोबत, पण त्यांच्या मागे पळावं लागतं म्हणे, गुडघे बघून ठरवा.

मेहुण्याने परत आल्यावर फोटो मोठे करून नाकं जुळवायला घेतलीत. आठ जण ओळखले असा त्याचा दावा आहे, वहीत नावं लिहिलीत, आणि त्या हातभरावरून गेलेल्या मादीवरून आमचं रोज भांडण चालू आहे, तो म्हणतो ही पिल्लाची आई, मी म्हणतो मावशी.